मेक्सिकन-अमेरिकन संगीत कानाने कसं ओळखावं: बासपासून गायकापर्यंत, टप्प्याटप्प्याने

लॅटिन गाण्यांची एखादी तयार यादी लावायची, तासभर ऐकायची आणि शेवटी म्हणायचं, ‘सगळं सालसासारखंच वाटतं.’ असं सांगणारे मला वारंवार भेटतात. त्यांचे कान चांगले असतात, चुकतो तो ऐकण्याचा क्रम. स्पॅनिश कळत नसताना ते गायकापासून सुरुवात करतात आणि शब्दांपाशीच अडकतात. वर शफल चालू असतं. त्यामुळे टेक्सासची पोल्का, न्यूयॉर्कचा मांबो आणि लॉस एंजेलिसचं रॉक एकामागून एक येतं आणि कशाचाच धागा हाती लागत नाही.

इथे दिलेला क्रम उलटा आहे. आधी बास, मग ताल, मग वाद्यं, मग एकाच चालीची वेगवेगळी रूपं आणि सगळ्यात शेवटी गायक. भर आहे तो अमेरिकेत जन्मलेल्या किंवा वाढलेल्या मेक्सिकन वंशाच्या कलावंतांवर. क्युबन आणि पोर्तोरिकन संगीत लागेल तिथेच येईल, पण तिथे ते नीट समजून घ्यावं लागेल.

तयारी

फोनच्या स्पीकरवर हे करू नका. या संगीताची ओळख पटवणारे निम्मे सूर खालच्या पट्टीतले आहेत आणि फोनच्या स्पीकरवर ते जवळजवळ नाहीसे होतात. साधे वायरचे हेडफोन पुरतात. ब्लूटूथचे असतील तर इक्वलायझर बंद ठेवा, कारण बास मुद्दाम वाढवला की गितार्रॉन (मेक्सिकन मारिआची ताफ्यातली मोठी बास गिटार) आणि इलेक्ट्रिक बास सारखेच ऐकू येतात.

एक वही घ्या आणि पान चार रकान्यांत आखा: मोजणी किती मात्रांची, खालचा सूर कोणाचा, सुरावट कोण वाजवतं, आणि कलावंत मूळचा कुठला. चौथा रकाना इतर तिघांपासून वेगळा ठेवायचा आहे. का, ते पहिल्या टप्प्यात येईल.

मग यादी तयार करा. माझी यादी अशी:

- लिडिया मेंदोसा, ‘माल ओंब्रे’, 1934
- नार्सिसो मार्तिनेस आणि सांतियागो आल्मेइदा, ‘ला चिचारोनेरा’, 1936
- टोनी दे ला रोसा, ‘आतोतोनिल्को’
- बेतो विया यांच्या ऑर्केस्ट्राची कोणतीही पोल्का
- रिची व्हॅलेन्स, ‘ला बांबा’, 1958. तेच गाणं लॉस लोबोस यांचं, 1987
- तितो पुएंते, ‘ओये कोमो वा’, 1962. तेच सांताना यांचं, 1970
- जेराल्ड विल्सन, ‘व्हिवा तिरादो’, 1962. तेच एल चिकानो यांचं, 1970. आणि किड फ्रॉस्टचं ‘ला रासा’, 1990
- पोंचो सांचेस यांचा कोणताही लॅटिन जॅझ अल्बम
- लिंडा रॉनस्टॅट, ‘रोगासियानो एल वापांगेरो’, 1987
- सेलेना, ‘कोमो ला फ्लोर’, 1992
- एस्लाबोन आर्मादो आणि पेसो प्लुमा, ‘एया बाइला सोला’, 2023

यादी करताना तीन ठिकाणी हमखास गफलत होते.

पहिली गफलत नावांची. स्पॅनिशमध्ये ‘ह’ उच्चारासाठी बहुधा रोमन ‘जे’ लिहितात, त्यामुळे ‘हिमेनेस’ हे नाव ऐकलेल्या उच्चाराप्रमाणे शोधलं तर सापडत नाही. त्यात सॅन अँटोनिओच्या हिमेनेस घराण्यात सांतियागो वडील, सांतियागो धाकटे आणि फ्लाको असे तीन नामांकित अकॉर्डियनवादक झाले. फ्लाको यांचं खरं नाव लिओनार्दो. वडिलांचं वादन मुलाच्या नावावर टाकून लोक सर्रास ऐकतात. तसंच नुसतं ‘सेलेना’ शोधलं की सेलेना गोमेझ समोर येते. तिचं नाव जिच्यावरून ठेवलं, ती सेलेना क्विंतानिया आपल्याला हवी आहे. आडनावासकट शोधा.

दुसरी गफलत पुनर्मुद्रणाची. अनेक जुन्या कलावंतांनी आपलीच गाणी वीस-तीस वर्षांनी पुन्हा ध्वनिमुद्रित केली आणि ‘सर्वोत्तम गाणी’ छापाच्या संग्रहांत बऱ्याचदा ही दुसरी खेपच असते. अशा ध्वनिमुद्रणात मूळचा बास आणि मूळची लय दोन्ही बदललेली असू शकतात. खात्री करायची तर लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला स्ट्राख्विट्झ फ्रोंतेरा संग्रह ऑनलाइन उघडा. जुन्या तबकड्यांचं लेबल, क्रमांक आणि वादकांची नावं तिथे तपासता येतात. आर्हूली या कंपनीने पुन्हा काढलेल्या जुन्या मुद्रणांवरही भरवसा ठेवता येतो. ती आता स्मिथसोनियन फोकवेजकडे आहेत.

तिसरी गफलत शफलची. ते बंद करा. यादी लावली त्याच क्रमाने वाजली पाहिजे.

*तपासणी:* ‘ला चिचारोनेरा’ लावल्यावर अकॉर्डियनच्या खाली तारांचा भरीव, थोडा खरखरीत आवाज वेगळा ऐकू येतो का? येत नसेल तर हेडफोन बदला किंवा दुसरी प्रत शोधा. तसंच पुढे जाऊ नका.

टप्पा 1: कलावंताचं मूळ आणि त्याची शैली वेगळी लिहा

बहुतेकांचा घोटाळा इथे होतो. नाव स्पॅनिश दिसलं की संगीतही ‘तिकडचंच’ असं धरलं जातं. ही चार नावं पाहा.

पोंचो सांचेस यांचा जन्म टेक्सासमधल्या लारेडोचा, कुटुंब मेक्सिकन वंशाचं, बालपण लॉस एंजेलिसजवळच्या नॉरवॉकमध्ये गेलं. वाजवतात मात्र काँगा हे उभे क्युबन ढोल, आणि त्यांच्या संगीताचा ताल क्युबन मुळांचा. ज्यांच्या बँडमध्ये ते 1975 पासून 1982 पर्यंत होते, ते व्हायब्राफोनवादक कॅल जेडर स्वीडिश वंशाचे. तितो पुएंते पोर्तोरिकन आईवडिलांचे, न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले. कार्लोस सांताना मेक्सिकोतल्या हालिस्को प्रांतातले, मारिआची व्हायोलिनवादकाचे चिरंजीव. पण त्यांचं नाव झालं ते सॅन फ्रान्सिस्कोत, ब्लूज-रॉकच्या गिटारवर क्युबन ताल चढवून.

या चौघांना ‘लॅटिन’ या एकाच रकान्यात टाकलं की पुढचं काहीच हाती लागत नाही. म्हणून वहीतला चौथा रकाना गाणं ऐकून झाल्यावर भरा, आधी नको. आधी भरला तर कान नावाच्या आधाराने ऐकू लागतात.

टप्पा 2: बास पकडा

गाणं लावा. सुरावटीकडे लक्ष देऊ नका, गायकाकडे तर मुळीच नको. सगळ्यात खालचा सूर कुठे पडतो ते शोधा आणि त्यावर पाय टेकवा.

पोल्का सगळ्यात सोपी, म्हणून सुरुवात तिच्यापासून. ‘ला चिचारोनेरा’त बाहो सेक्स्तो हे बारा तारांचं, सहा जोड्यांचं वाद्य आल्मेइदा वाजवतात. ते आधी जाड तारेवर एक सूर देतात आणि लगेच बाकीच्या तारांवर झटका मारतात: बम्-चक, बम्-चक. ‘बम्’वर पाय पडला पाहिजे. आता अकॉर्डियनकडे या. या वाद्याला डाव्या हाताखाली बासची बटणं असतात, पण मार्तिनेस ती जवळजवळ वापरतच नाहीत. खालचं काम त्यांनी पूर्णपणे बाहो सेक्स्तोवर सोपवलं आणि उजव्या हाताला मोकळं रान दिलं. टेक्सासच्या कॉन्हुंतो शैलीचा सांगाडा या वाटणीत आहे. ही वाटणी कानाला कळली की अकॉर्डियन असलेलं पुढचं प्रत्येक गाणं तुम्ही वेगळ्या कानाने ऐकाल.

मग लगेच टोनी दे ला रोसा ऐका. पोल्काच आहे, पण लय उतरलेली, सूर तोडून-तोडून घेतलेले, खाली ड्रम आणि इलेक्ट्रिक बास. पायाला विसावा मिळतो, कारण नाचणाऱ्यांना आता सरपटत नाचायचं आहे. दोन्ही एकापाठोपाठ दोनदा ऐका. पोल्का म्हणजे नेहमी धावती चाल, ही समजूत तिथेच संपते.

बाकीचे प्रकार थोडक्यात. वाल्सच्या अंगाच्या रांचेरात (रांचेरा म्हणजे ग्रामीण वळणाचं मेक्सिकन गाणं) तीन मात्रा असतात, बास पहिलीवर, तारांचे झटके दुसरी-तिसरीवर. बोलेरो चार मात्रांचा, संथ. कुंबियात बास बहुधा लांब-तोकडा-तोकडा चालतो: पहिल्या मात्रेवर एक लांब सूर, मग तिसरी आणि चौथीवर एकेक. वर ग्विरो हे खाचांचं वाद्य खरवडलं जातं, त्याचाही घाट तोच, ‘चऽऽ-चिक-चिक’. सेलेनाचं ‘कोमो ला फ्लोर’ लावून दोन्ही एकदम पकडता येतात का पाहा.

*इशारा:* आपल्याकडे ठेका ऐकून वाढलेल्या माणसाचा कान आधी सम शोधतो आणि सगळ्यात जड आघात तिथेच असणार असं धरून चालतो. पोल्का, वाल्स, कुंबिया यांत ही सवय कामाला येते. पुढच्या क्युबन टप्प्यात तीच फसवते.

टप्पा 3: वाद्यांवरून घर ओळखा

बास सापडला की तो कशावर वाजतोय हे विचारा. या एका प्रश्नाने निम्मी छाटणी होते.

बासची तार चिमटीत ओढल्यासारखी, एका वेळी दोन तारांवर, एकच सूर खाली-वर सप्तकाच्या अंतराने वाजत असेल तर तो गितार्रॉन, म्हणजे मारिआची. सोबत व्हायोलिनं, ट्रंपेट आणि विहुएलाच्या पाच तारांचा टणटणीत झणकार असेल. खाली ट्युबा घुमत असेल, क्लॅरिनेटं झुंडीने येत असतील आणि तांबोरा हा मोठा ढोल झांजेसकट बडवला जात असेल तर ती सिनालोआची बांदा. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या जेनी रिव्हेरा यांनी आपली ओळख याच साथीवर उभी केली.

अकॉर्डियन आणि बाहो सेक्स्तो असेल तर सीमेच्या उत्तरेला कॉन्हुंतो, दक्षिणेला नोर्तेन्यो. या दोहोंत वाद्यांवरून फरक करणं नवख्याला अवघड जातं, तेव्हा अडून बसू नका; वहीत ‘कॉन्हुंतो/नोर्तेन्यो’ लिहा आणि पुढे चला. लॉस तिग्रेस देल नोर्ते सिनालोआतून येऊन कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत स्थायिक झाले, अशी उदाहरणं पाहिली की ती रेघ किती पुसट आहे हेही लक्षात येतं.

पोल्काच आहे, पण अकॉर्डियनऐवजी सॅक्सोफोन-ट्रंपेटचा ताफा आहे? मग ती टेक्सासची ओर्केस्ता, बेतो विया यांची वाट. त्या शैलीत अमेरिकन बिग बँडची शिस्त आणि रांचेरा दोन्ही मिसळून आहेत. त्याच तेहानो, म्हणजे टेक्सासमधल्या मेक्सिकनांच्या, परंपरेत पुढे 1980-90च्या दशकांत कीबोर्ड आला, तो सेलेनाच्या बँडमध्ये ऐकू येतो. तिचा भाऊ ए. बी. क्विंतानिया बासवर असे आणि गाण्यांची निर्मितीही तोच करी.

*तपासणी:* यादीतली कोणतीही चार गाणी निवडा. प्रत्येकाचे पहिले वीस सेकंद ऐकून बंद करा आणि बासचं वाद्य लिहा. गायक सुरू होण्याआधी उत्तर आलं पाहिजे.

टप्पा 4: सहा मात्रांचा झोका

दादरा ज्यांच्या कानात मुरलेला आहे त्यांना इथे आयती शिडी मिळते, आणि लगेच एक खड्डाही. दादऱ्यात सहा मात्रा तीन-तीन अशा विभागलेल्या. वापांगो आणि हालिस्कोचं सोन या मेक्सिकन लोकसंगीताच्या प्रकारांतही सहा, पण विभागणी स्थिर राहत नाही. कधी तीन-तीन, कधी दोन-दोन-दोन, आणि पुष्कळदा एक वाद्य तीन-तीन धरतं तेव्हा दुसरं दोन-दोन-दोन चालतं.

सराव असा. एक ते सहा मोजत राहा. उजव्या हाताने 1 आणि 4 वर टिचकी मारा. हे जमलं की थांबा. मग फक्त डाव्या हाताने 1, 3, 5. तेही जमलं की दोन्ही हात एकत्र करा. पहिल्या मात्रेवर दोघं भेटतात, बाकी कुठेच नाही. आता ‘रोगासियानो एल वापांगेरो’ लावा. ॲरिझोनातल्या टूसनमध्ये वाढलेल्या लिंडा रॉनस्टॅट रॉक आणि पॉप गाऊन आघाडीवर पोचल्या होत्या. त्यानंतर 1987 मध्ये त्यांनी वडिलांकडून ऐकलेल्या मेक्सिकन गाण्यांचा ‘कान्सिओनेस दे मी पाद्रे’ हा अल्बम केला, त्यातलं हे गाणं. आवाज मध्येच फाल्सेटोत, म्हणजे पातळ उंच आवाजात, उडी घेतो तेव्हा लक्ष गायिकेकडे ओढलं जाईल. तरी टिचकी सोडू नका. तिचे लांबवलेले सूर खालच्या झोक्यावर कसे तरंगत राहतात, हे मोजणी चालू असेल तरच कळतं.

टप्पा 5: क्लावे

हा टप्पा घाईत उरकू नका. लॅटिन जॅझ इथे कळतं किंवा कायमचं हुकतं.

क्लावे म्हणजे पाच आघातांचा एक साचा. त्याच्या आधाराने बाकी सगळे आपापला भाग वाजवतात. आपल्याला सोयीचं म्हणून सोळा मोजू. सोन क्लावेचा (हे सोन क्युबाचं, हालिस्कोचं नव्हे) तीन-दोन प्रकार या आकड्यांवर येतो: 1, 4, 7, 11, 13. पहिल्या आठांत तीन आघात, पुढच्या आठांत दोन. दोन-तीन प्रकारात हेच दोन अर्धे उलट क्रमाने येतात: 3, 5, 9, 12, 15. रुंबा क्लावेत (तीन-दोन) तिसरा आघात एक घर उशिरा, म्हणजे 7 ऐवजी 8 वर.

आता हात-पाय लावा:

1. पाय 1, 5, 9, 13 वर. दोन मिनिटं नुसता पाय चालू द्या.
2. तोंडाने एक ते सोळा मोठ्याने मोजा. मनात नको.
3. टाळी 1, 4, 7 वर. पुढचे नऊ आकडे रिकामे. हे पक्कं होईपर्यंत थांबा.
4. मग 11 आणि 13 जोडा.
5. मोजणं बंद करा, पाय आणि टाळी चालू ठेवा.

पायाशी जुळतात फक्त 1 आणि 13. बाकीच्या तीन टाळ्या पावलांच्या मध्ये पडतात. तुमच्या पाचही टाळ्या पायाजवळ सरकू लागल्या तर लय कमी करा. 4 ची टाळी 5 कडे ढकलली जाणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

*इशारा:* सोळा मोजतोय म्हणून तीनताल डोक्यात आणू नका. 9 वर इथे खाली नाही आणि 1 वर येऊन विसावा घ्यायचीही सक्ती नाही.

टाळी बसली की बासकडे या. क्युबन तुंबावमध्ये, म्हणजे पुन्हा-पुन्हा येणाऱ्या ठरीव चालीत, बासचे सूर साधारण 4, 7, 12, 15 वर पडतात आणि पहिलं घर बहुतेक वेळा मोकळं असतं. शिवाय 7 आणि 15 वरचा सूर पुढच्या कॉर्डचा असतो, तो आधीच येऊन बसतो. सम शोधणारा कान या आधी आलेल्या सुरालाच सम समजतो आणि सगळं गाणं त्याच्यासाठी सरकतं. ‘ताल पकडला होता, मध्येच निसटला’ ही तक्रार मी ऐकतो, तेव्हा दहापैकी नऊ वेळा कारण हेच निघतं. उपाय एकच: बास ऐकून पाय हलवू नका. पाय आधी मोजणीवर पक्का करा, बासला त्याच्याभोवती फिरू द्या.

आता पोंचो सांचेस लावा. काँगाच्या मूळ चालीत प्रत्येक आठाच्या शेवटी दोन मोकळे, घुमणारे आघात येतात, 7 आणि 8 वर. त्यांच्या मदतीने आठाची हद्द सापडते. क्लावे मात्र प्रत्यक्ष वाजत असेलच असं नाही. अनेकदा ती कोणीच वाजवत नाही, सगळ्यांनी मनात धरलेली असते. ऐकू येत नाही म्हणून ती नाही, असं समजू नका.

*तपासणी:* गाण्यावर तीन-दोन टाळी धरा. घासल्यासारखं वाटलं, सुरावट सतत आडवी येते असं जाणवलं, तर दोन-तीन धरून पाहा. एका बाजूने टाळी आणि सुरावट चपखल बसतात, दुसरीकडून खटके उडतात. हा खटका जाणवू लागला की हा टप्पा झाला.

*इशारा:* क्लावे कळल्याच्या आनंदात ती सगळीकडे शोधू नका. पोल्का, रांचेरा, बांदा, कुंबिया यांची बांधणी तिच्यावर नाही. टेक्सासच्या अकॉर्डियनवर क्लावेची टाळी धरून ‘बसतच नाही’ म्हणणं म्हणजे दोष गाण्याला लावणं झालं.

टप्पा 6: एकच चाल, वेगवेगळ्या काळांत

पहिली जोडी ‘ओये कोमो वा’ची. आधी पुएंते, मग सांताना. पुएंते यांच्याकडे बासऱ्या आणि ब्रास, नाचाच्या हॉलचा आवाज. सांताना यांच्याकडे तीच आवर्तनं ऑर्गन आणि इलेक्ट्रिक गिटार घेतात. चा-चा-चाचा ताल दोन्हीकडे शाबूत आहे, हे पायाने पडताळा. उलट क्रमाने ऐकलं तर पुएंते यांचं मूळच नक्कल वाटू लागतं, म्हणून क्रम पाळा.

दुसरी साखळी मला सर्वांत प्रिय. जेराल्ड विल्सन हे आफ्रिकन-अमेरिकन बँडप्रमुख, पत्नी मेक्सिकन-अमेरिकन. त्यांनी होसे रामोन तिरादो या बैलझुंजवीरावर ‘व्हिवा तिरादो’ रचलं आणि 1962 मध्ये ते बिग बँडवर आलं. आठ वर्षांनी पूर्व लॉस एंजेलिसच्या एल चिकानोने ते छोट्या बँडवर, ऑर्गन आणि गिटारने, सैलावून वाजवलं. आणखी वीस वर्षांनी किड फ्रॉस्टने त्या वादनाचाच तुकडा घेऊन त्यावर इंग्रजी-स्पॅनिश मिश्र रॅप केलं. तिन्ही एका बैठकीत ऐका आणि तिन्ही वेळा फक्त मूळ सुरावटीचा तुकडा गुणगुणत राहा. जॅझ, चिकानो (मेक्सिकन-अमेरिकन) रॉक आणि हिपहॉप यांना वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायची सवय यामुळे जितकी सुटते तितकी वाचून सुटणार नाही.

तिसरी जोडी ‘ला बांबा’. हे मूळ व्हेराक्रूझचं सोन हारोचो. पकोइमाच्या रिचर्ड व्हॅलेन्झुएलाने, म्हणजे रिची व्हॅलेन्सने, ते रॉकमध्ये आणलं. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. पुढे काही महिन्यांतच, 3 फेब्रुवारी 1959 ला, विमान अपघातात गेला. लॉस लोबोसची 1987 ची आवृत्ती लोक अर्ध्यावर बंद करतात. शेवटपर्यंत थांबा. इलेक्ट्रिक वाद्यं बाजूला होतात आणि गाणं व्हेराक्रूझच्या तारवाद्यांवर परत जातं. त्या बँडच्या मनातलं सगळं त्या काही सेकंदांत सांगून झालेलं आहे. ते आवडलं तर त्यांचा 1988 चा ‘ला पिस्तोला इ एल कोरासोन’ हा अल्बम पुढे ठेवा.

टप्पा 7: आता गायक आणि शब्द

लिडिया मेंदोसा यांच्या ‘माल ओंब्रे’त बारा तारी गिटार आणि आवाज, दुसरं काही नाही. गाण्याचे शब्द त्यांना च्युइंगमच्या वेष्टनावर छापलेले मिळाले होते. एक ओळ संपते आणि पुढची सुरू होते, त्या फटीत त्यांची गिटार काय बोलते ते ऐका.

फ्रेडी फेंडर, मूळ नाव बाल्देमार वेर्ता, टेक्सासच्या सॅन बेनितोचे. 1975 मध्ये अमेरिकेच्या पॉप आणि कंट्री दोन्ही याद्यांत पहिल्या क्रमांकावर गेलेल्या त्यांच्या गाण्यात आधी इंग्रजी येतं आणि मग स्पॅनिश. भाषा बदलते त्या क्षणी आवाजाचा पोत बदलतो का, एवढंच पाहा.

कोरिदो ऐकताना मात्र अर्थ हवाच, कारण पोवाड्यासारखं त्यात घडलेलं सांगितलेलं असतं: कोण, कुठे, केव्हा, मग प्रसंग आणि शेवटी निरोप. 1901 मध्ये टेक्सासात शेरीफवर गोळी झाडून सीमेकडे निघालेल्या ग्रेगोरिओ कोर्तेस यांच्यावरचा कोरिदो घ्या. 78 आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला साधारण तीनच मिनिटं मावत, म्हणून असे लांब कोरिदो दोन भागांत कापले जात. पहिला भाग ऐकून ‘गोष्ट अर्धवटच सोडली’ म्हणणारे दुसरी बाजू शोधायला विसरलेले असतात. शीर्षकात ‘भाग पहिला’ दिसला की दुसरा आधी शोधून ठेवा.

*इशारा:* स्पॅनिश गातो म्हणजे घरी स्पॅनिशच बोलत असेल, असं धरू नका. सेलेना इंग्रजी बोलत वाढली, स्पॅनिश गाणी तिने आधी उच्चार पाठ करून म्हटली. शब्दांसाठी यांत्रिक भाषांतर वापरलं तर सीमेवरची बोली त्यात हमखास चुकते. एकाच गाण्याची दोन भाषांतरं समोर ठेवा आणि दोन्ही जिथे वेगळी पडतात त्या ओळीवर शंका घ्या.

टप्पा 8: आजचं ऐका, मग प्रत्यक्ष ऐका

‘एया बाइला सोला’ अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत पहिल्या पाचांत पोचलं. रिजनल मेक्सिकन, म्हणजे बांदा-नोर्तेन्यो छापाच्या, गाण्यासाठी ते पहिल्यांदाच घडलं. एस्लाबोन आर्मादो कॅलिफोर्नियातल्या पॅटरसनचे. त्यात रेकिंतो या लहान, उंच पट्टीच्या गिटारचे तुकडे आणि ब्रासची उत्तरं ओळखता आली की टप्पा 3 पक्का आहे. पॉपमध्ये वाद्यावरून घराणं शोधायचं तर शीला ई. यांचं 1984 चं ‘द ग्लॅमरस लाइफ’ घ्या. टिंबालेस हे धातूचे जोडढोल घुमतात तिथे त्यांचे वडील पीट एस्कोवेदो यांच्या लॅटिन जॅझचा हात दिसतो.

टेक्सासात राहणाऱ्या मराठी वाचकांना एक आग्रह. मे महिन्यात सॅन अँटोनिओला ग्वादालुपे कल्चरल आर्ट्स सेंटरचा तेहानो कॉन्हुंतो महोत्सव भरतो, 1982 पासून. ह्यूस्टन, ऑस्टिनहून गाडीने जाता येतं. तिथे मंचासमोर बसू नका, नाचाच्या मैदानाच्या कडेला उभे राहा. जोडपी घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असतात, त्यांचे पाय पाहिले की दे ला रोसा यांनी लय का उतरवली हे डोळ्यांना दिसतं. लॉस एंजेलिसच्या बाजूला असाल तर बॉईल हाइट्समधला मारिआची प्लाझा गाठा. बोलावणं येण्याची वाट पाहत वादक तिथे थांबतात. वाजवायला सांगणार असाल तर दर गाण्यामागे की तासामागे, हे आधी विचारा. आणि एक वापांगो मागा.

शेवटची चाचणी

घरातल्या कुणाला तरी यादीतली पाच गाणी नाव न सांगता, क्रम बदलून लावायला सांगा. प्रत्येकी चाळीस सेकंद. वहीत पहिले तीन रकाने भरा, मगच नाव विचारा.

मोजणी चुकली तर टप्पा 2 आणि 4. वाद्य चुकलं तर टप्पा 3. आणि बहुधा तुम्ही सुरावट ऐकत बसला होता, बास नाही. पोंचो सांचेस मेक्सिकन शैलीत आणि सेलेना क्युबन शैलीत लिहिली गेली असेल तर कान नावाच्या मागे गेले. टप्पा 1 पुन्हा वाचा. ‘ओये कोमो वा’वर पाय सरकला तर टप्पा 5 मधल्या पहिल्या सूचनेपासून, म्हणजे नुसत्या पायापासून, पुन्हा सुरुवात करा. मधल्या सूचनेपासून धरलं तर 4 ची टाळी परत 5 कडे जाते.